जुन्या मोटरहोमच्या ब्रेक लाइटमधला बिघाड कसा शोधावा

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मागे असलेल्या ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसतच नाही, दिसते ती फक्त तुमच्या गाडीची भिंत. पुढे ट्रॅफिक थांबलंय हे त्याला तुमच्या ब्रेक लाइटवरूनच कळणार, आणि ताशी ६० मैलांना त्याची गाडी सेकंदाला ८८ फूट अंतर कापत असते. म्हणून हे दिवे लागत नसतील तर गाडी जागेवरून हलवू नका.

अमेरिकेत जुनं मोटरहोम घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. डोळ्यांसमोर नव्वदच्या दशकातली फोर्ड ई-३५० चासीची (चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) गाडी आहे, पण इतर अमेरिकन चासींवरही पद्धत साधारण हीच.

आधी पार्किंग ब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा. मागे कार ओढत असाल तर तिची वायर सॉकेटमधून काढून ठेवा. कित्येकदा बिघाड त्या सॉकेटमधल्या गंजातच असतो, विशेषतः फ्यूज वारंवार उडत असेल तर. सोबत कोणी नसेल तर ब्रेक दाबलेला राहावा म्हणून सीट आणि ब्रेक पेडल यांच्यामध्ये काठी अडकवा.

आता हत्यारांना हात न लावता नुसतं बघा. या गाड्यांत बहुधा ब्रेक लाइट आणि इंडिकेटर हे दोन्ही एका बल्बच्या एकाच फिलामेंटवर (आतल्या तारेवर) चालतात. (इंडिकेटरचा पिवळा दिवा वेगळा असेल तर पुढची इंडिकेटरची खूण लागू पडणार नाही.) ब्रेकचा करंट पेडलच्या स्विचमधून निघतो, स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटर स्विचमधून जातो आणि मग मागे पोचतो. वर मधोमध तिसरा दिवा असेल तर त्याला मात्र पेडलच्या स्विचकडून थेट करंट मिळतो. एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

तिन्ही दिवे बंद असतील तर फ्यूज बघा, मग पेडलचा स्विच. टेस्ट लाइट (करंट असला की पेटणारा तपासणीचा दिवा) स्विचच्या दोन्ही वायरींना एकेक करून लावून बघा. पेडल दाबल्यावर एकीकडे करंट आहे आणि दुसरीकडे नाही, तर स्विच गेला. फ्यूज पुन्हा उडाला तर जास्त अँपिअरचा घालू नका, वायर जळेल.

वरचा दिवा लागतो पण खालचे दोन्ही लागत नाहीत, असं असेल तर संशय इंडिकेटर स्विचवर. एका बाजूचा ब्रेक लाइट बंद पण त्याच बाजूचा इंडिकेटर चालू, तर बल्ब नक्कीच चांगला आहे; तिथेही स्विचचाच कॉन्टॅक्ट झिजलेला असतो. त्या बाजूचा ब्रेक लाइट आणि इंडिकेटर दोन्ही बंद असतील तरच बल्ब आणि होल्डर उघडा. अशा दिव्यांत बहुधा ११५७ नंबरचा बल्ब असतो. त्याच्या दोन पिना मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, जोर लावून उलटा बसवू नका.

ब्रेक दाबल्यावर दिवा मंद पेटतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेललाइटही लुकलुकतो? मग अर्थ, म्हणजे करंट चासीतून परत जाण्याची वाट, गेलाय. माझ्या मते जुन्या मोटरहोममध्ये सगळ्यात आधी शंका घ्यावी ती याचीच. पत्र्याच्या कारमध्ये बॉडीच अर्थचं काम करते, पण इथे मागची खोली फायबरग्लास आणि लाकडाची. त्यामुळे दिव्याची अर्थ वायर चासीपर्यंत न्यावी लागते, आणि जिथे ती स्क्रूने बसवलेली असते तिथे चाकांचं पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ वर्षानुवर्षं उडत राहतं.

तपासणं सोपं आहे. हेडलाइट चालू ठेवा, ब्रेक दाबलेला ठेवा. मल्टीमीटरचं लाल टोक होल्डरच्या अर्थ वायरला आणि काळं टोक चासीच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडाला लावा. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर जोड खराब. स्क्रू काढा, चासीचा रंग आणि गंज उघड्या लोखंडापर्यंत घासा, वायरला नवीन रिंग टर्मिनल (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने दाबून, घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा.

मग गाडीखाली, मागच्या चाकांच्या आसपास वायरींचा जोड शोधा. फोर्डची वायरिंग आणि घर बांधणाऱ्या कंपनीची वायरिंग तिथे कुठेतरी एकत्र येते. वायर न सोलता वरून दाबून बसवायचे प्लास्टिकचे चिमटे दिसले तर काढून टाका. त्यांत पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. जागी क्रिंप आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) वापरा. नुसती टेप गुंडाळलेला जोड मी तरी ठेवणार नाही. गाडी हिवाळाभर उभी होती का? मग उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जाऊ नका.

दिवे विझतच नाहीत आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते, हाही प्रकार होतो. पेडल वर येत नसेल किंवा स्विच सरकला असेल. जपानी चासीच्या छोट्या मोटरहोममध्ये पेडलच्या दांड्यावरची रबराची गुंडी झिजून तुटते आणि स्विच दाबलाच जात नाही. पायाशी रबराचे तुकडे पडलेले दिसतील. गुंडी काही डॉलरला मिळते.

काम झाल्यावर अंधार पडला की गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा. हेडलाइट, एका बाजूचा इंडिकेटर आणि ब्रेक तिन्ही एकाच वेळी चालू करून उजेड बघा, मग दुसऱ्या बाजूचा. कच्चा अर्थ पूर्ण लोड आल्यावरच उघडा पडतो.