जुने गाणे आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून प्रकाशित करायचे असेल तर

एखादे आवडते भावगीत किंवा अभंग आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर आणि स्पॉटिफायवर टाकायचे ठरले, की बहुतेक जण आधी माइकच्या किमती पाहू लागतात. माझ्या मते त्या कामाचा क्रम बराच नंतरचा आहे. ज्या गाण्याला परवानगीच मिळणार नाही, ते कितीही सुरेल झाले तरी संगणकातच पडून राहते. म्हणून गाणे कोणाचे आहे, या प्रश्नापासून सुरुवात करावी.

या प्रश्नाचे उत्तर एका नावात मिळत नाही, कारण कायद्याच्या नजरेतून एका गाण्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचे गाणे आपल्या आवाजात नव्याने करणारा गायक मूळ ध्वनिमुद्रण वापरत नाही, तो स्वतःचे नवे करतो. पण शब्द आणि चाल मात्र दुसऱ्याचीच असते. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क त्या त्या निर्मात्याच्या हयातीत असतो आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून आणखी ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क मात्र ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे मोजला जातो. त्यामुळे ‘तबकडी साठ वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे गाणे मोकळे झाले’ हा सर्रास ऐकू येणारा युक्तिवाद चुकीचा आहे. मोकळे झालेले असते ते फक्त त्या तबकडीतले ध्वनिमुद्रण.

हक्काची मुदत अशी मोजावी

‘गीतरामायण’ १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत आहे. संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालींवरचा हक्क २०६२ च्या अखेरीपर्यंत आहे. मधल्या पंचवीस वर्षांत कोणी तेच शब्द स्वतःच्या नव्या चालीत गाऊ शकेल, पण फडक्यांची चाल परवानगीशिवाय घेऊ शकणार नाही.

अभंगांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस’ हे शब्द तुकोबांचे, म्हणजे सतराव्या शतकातले असल्यामुळे त्यांच्यावर आज कोणाचाही हक्क नाही. परंतु लता मंगेशकरांच्या आवाजात जी चाल आपल्या कानात बसली आहे, ती श्रीनिवास खळे यांची आहे, आणि खळे २०११ मध्ये गेले असल्याने तिच्यावरचा हक्क २०७१ च्या अखेरीपर्यंत राहणार आहे. भजनी मंडळात एखादी चाल पन्नास वर्षे गायली जात असली, की ती पारंपरिक आहे असे सगळ्यांना वाटू लागते, आणि तसे सांगणारे बुवा प्रामाणिकपणेच सांगत असतात. तरीही तबकडीचे किंवा कॅसेटचे वेष्टन शोधून ‘संगीत’ या शब्दापुढे कोणाचे नाव छापले आहे, ते स्वतः पाहावे.

नाट्यसंगीताकडे नव्या गायकांनी या दृष्टीने अवश्य वळावे. ‘संगीत स्वयंवर’ १९१६ सालचे. पदे लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले आणि चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये. शब्द २००८ च्या अखेरीस मोकळे झाले आणि चाली त्याच्या कितीतरी आधी. ‘संगीत मानापमान’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणून त्या चाली २०१५ च्या अखेरीस मोकळ्या झाल्या. या पदांसाठी कोणालाही पत्र लिहावे लागत नाही. फक्त पुढच्या काळात नाटकात कोणी भर घातलेले पद आपण उचलत नाही ना, एवढे जुन्या छापील प्रतीवरून तपासावे.

एक बारकावा येथेच नोंदवून ठेवतो. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रकाशित झालेल्या लेखनाची ६० वर्षे मृत्यूपासून न धरता प्रकाशनापासून धरली जातात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. त्यामुळे त्या शब्दांची मुदत २०१२ च्या अखेरीपर्यंत होती. आज ते शब्द मोकळे आहेत. त्यांना पुढे लावल्या गेलेल्या प्रसिद्ध चाली मात्र वेगळ्या तपासाव्या लागतात.

परवानगी कोणाकडे आणि कशी मागावी

कायद्यातील कलम ३१सी कव्हरसाठीच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ते आले. मूळ गाणे प्रथम ध्वनिमुद्रित झाले ते वर्ष संपून पाच वर्षे उलटली असतील, तर आगाऊ सूचना आणि आगाऊ स्वामित्वधन (रॉयल्टी) देऊन कव्हर करता येते. शब्दांत किंवा चालीत पूर्वी न झालेला बदल करता येत नाही. अपवाद तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य असलेल्या बदलाचा. वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा छायाचित्र वापरता येत नाही आणि हे कव्हर आहे असे स्पष्ट लिहावे लागते. येथपर्यंत सगळे ठीक वाटते. पण दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरण्याची अटही त्याच कलमात आहे, आणि एकूण रचना प्रती विकणाऱ्या कंपनीला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. घरच्या खोलीत गाणे करून इंटरनेटवर टाकणाऱ्या गायकाला हा रस्ता व्यवहारात उपयोगी पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने हक्कधारकाकडून थेट लेखी परवानगी घ्यावी.

हक्कधारक बहुधा संगीत कंपनी असते. एचएमव्हीच्या जुन्या तबकड्यांवरील गाण्यांसाठी सारेगामाकडे (एचएमव्हीच्याच आजच्या कंपनीकडे) विचारणा करावी. चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्याकडून ज्या कंपनीने घेतले असतील, तिच्याकडे जावे. शब्द आणि चाल यांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था आहे. कोणत्या गाण्याचा हक्क कोणाकडे आहे, हे ठरत नसेल तर तेथे विचारावे. खासगी, म्हणजे चित्रपटाबाहेरचे गीत असेल आणि कंपनी बंद पडली असेल, तर गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या वारसांपर्यंत पोहोचावे लागते. मराठीत हे तितके अवघड नाही. कोणी ना कोणी ओळखीचे निघतेच.

पत्र मोघम असू नये. ‘आपले गाणे गाण्याची परवानगी मिळावी’ एवढ्या मजकुराला उत्तर येत नाही, कारण वाचणाऱ्याला त्यातून निर्णय घेता येत नाही. मी साधारण असा मजकूर पाठवतो: ‘अमुक वर्षी आपल्या कंपनीने प्रकाशित केलेले, अमुक गीतकार आणि अमुक संगीतकार यांचे हे गीत मी माझ्या आवाजात, नव्या वाद्यमेळासह ध्वनिमुद्रित करू इच्छितो. लांबी सुमारे साडेचार मिनिटे. शब्दांत आणि चालीत बदल नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचा कोणताही भाग वापरणार नाही. श्राव्य रूप सर्व स्ट्रीमिंग सेवांवर आणि चित्रफीत केवळ माझ्या यूट्यूब वाहिनीवर, जगभर, तीन वर्षांसाठी प्रकाशित करावयाची आहे. आपले शुल्क किंवा उत्पन्नातील वाटा कळवावा.’ यातील चित्रफितीचा उल्लेख विसरू नये. केवळ श्राव्य ध्वनिमुद्रणाची परवानगी आणि तेच गाणे चित्रासोबत वापरण्याची, म्हणजे सिंकची परवानगी, या वेगळ्या गोष्टी आहेत. काही परदेशी वितरक, म्हणजे आपले गाणे स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपन्या, थोडी रक्कम घेऊन कव्हरचा परवाना मिळवून देतात, पण तो मुख्यतः अमेरिकेतील सक्तीच्या परवान्याच्या व्यवस्थेवर आधारलेला असतो आणि त्यात चित्रफीत येत नाही. न्यू जर्सीत राहून मराठी गाणी करणाऱ्याला तो उपयोगी पडेल; नाशिकच्या गायकाने त्यावर विसंबू नये.

शब्द बदलणे, दोन गाणी एकमेकांत गुंफणे किंवा गाण्याचा अनुवाद करणे, यांसाठी स्वतंत्र संमती लागते. गणपतीच्या आरतीत किंवा लग्नाच्या वरातीत गाणे वाजवण्याला कायद्याने दिलेली सूट त्या धार्मिक विधीपुरती आणि त्या समारंभापुरती आहे. तिचा हवाला ध्वनिमुद्रणासाठी देता येत नाही.

ध्वनिमुद्रण

सर्वप्रथम पट्टी ठरवावी. मूळ गायिकेची काळी चार किंवा काळी पाच म्हणून आपणही तीच धरण्याचा हट्ट नको. अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर आणि मुखड्यातला सर्वांत खालचा सूर सकाळी, गळा तापलेला नसताना गाऊन पाहावा, आणि दोन्ही सहज लागतील ती पट्टी घ्यावी. जुन्या ध्वनिमुद्रणाबरोबर गाऊन पट्टी शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तबकडीच्या किंवा टेपच्या वेगामुळे ते सूर अनेकदा दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी असतात.

हार्मोनियम वापरणार असाल, तर सगळ्यांत आधी तिचा सूर तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्या प्रमाण ४४० हर्ट्झला नेमक्या मिळवलेल्या नसतात. मोबाइलवरच्या ट्यूनरसमोर काळी एक धरून पाहिली आणि ती आठ-दहा सेंट (एका अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढी निघाली, तर तानपुऱ्याच्या ॲपमधला सूर तेवढाच चढवावा, तबला त्याच तानपुऱ्यावर मिळवावा आणि नंतर भरावयाचे कीबोर्डचे सूरही तितकेच सरकवावेत. हे आधी केले नाही, तर शेवटी सगळे एकत्र वाजल्यावर स्वरांमध्ये एक बारीक थरथर ऐकू येते आणि तिचे कारण शोधण्यात दोन रात्री जातात.

खोलीसाठी महागड्या फोमची गरज नाही. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे, समोर माइकच्या मागे दोरीवर जाड गोधडी टांगावी आणि पंखा बंद ठेवावा. माइक ओठांपासून वीतभर अंतरावर, पॉप फिल्टरसह. ‘भ’, ‘फ’, ‘प’ या अक्षरांचा फुत्कार थेट माइकवर जाऊ नये म्हणून तो किंचित बाजूला. ध्वनिमुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे आणि सर्वांत मोठा स्वरही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. दुपारी दोन ते चार ही वेळ आमच्या इमारतीत सर्वांत शांत असते. कुकरच्या शिट्ट्या संपलेल्या असतात आणि मुले शाळेतून परतलेली नसतात. अंतिम मिश्रण फार मोठ्या आवाजाचे करण्यात अर्थ नाही, कारण स्पॉटिफाय सर्व गाणी सुमारे उणे १४ लफ्सला (लफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचे माप) आणून ऐकवते. शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवले म्हणजे पुरे.

तयार कराओके ट्रॅकवर गाण्याचा मोह टाळावा. ही चूक माझ्याकडून झालेली आहे. पैसे देऊन घेतलेल्या एका ट्रॅकवर मी गाणे केले, रीतसर गीत-संगीताची परवानगीही घेतली, आणि प्रकाशनाच्या दुसऱ्याच दिवशी त्या ट्रॅकच्या निर्मात्याचा दावा आला. पावती उघडून पाहिली तेव्हा तिच्यावर ‘केवळ रंगमंचीय वापरासाठी’ असे बारीक अक्षरांत छापलेले सापडले. कराओके ट्रॅक हेही कोणाचे तरी ध्वनिमुद्रणच असते. त्यापेक्षा एक तबला, एक पेटी आणि तानपुरा एवढ्यावर केलेले गाणे अधिक आपले होते.

साथीदारांशी मात्र कागद करावा, मग ते कितीही जवळचे मित्र असोत. एकरकमी मानधन किती, उत्पन्नात वाटा आहे का, नाव कसे छापायचे आणि चित्रफितीत दिसण्यास संमती आहे का, एवढे एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या की काम होते.

प्रकाशन आणि त्यानंतर येणारे दावे

वितरकाच्या अर्जात गाणे ‘कव्हर’ म्हणून नोंदवावे. गीतकार आणि संगीतकार यांची नावे त्यांच्या रकान्यांत पूर्ण लिहावीत. तेथे स्वतःचे नाव घालणे ही उघड खोटी नोंद आहे, आणि दुर्दैवाने ती पुष्कळ दिसते. मूळ गायकाचे नाव कलाकाराच्या रकान्यात किंवा शीर्षकात घालू नये. आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नवाच हवा, कारण ध्वनिमुद्रण नवे आहे. तो बहुतेक वितरक देतात. अभंगाच्या शब्दांत पाठभेद असतात, म्हणून वर्णनात शब्द देताना ते गाथेवरून उतरवावेत, यूट्यूबवरच्या एखाद्या चित्रफितीखालून नव्हे.

यूट्यूबची कंटेंट आयडी ही हक्क असलेली गाणी आपोआप शोधणारी यंत्रणा चालही ओळखू शकते, त्यामुळे परवानगी असूनही दावा येऊ शकतो. दावा आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नये. दाव्यामुळे सहसा जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळते आणि चित्रफीत तशीच राहते; स्ट्राइक म्हणजे ती काढून टाकण्याची कायदेशीर मागणी, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर वाहिनी बंद होऊ शकते. परवानगीचे पत्र असेल तर दाव्याला हरकत घेताना त्याचा क्रमांक आणि तारीख द्यावी. ‘स्वयंवर’मधल्या पदावर दावा आला, तर लेखकाचे आणि संगीतकाराचे मृत्युवर्ष लिहून मुदत संपल्याचे दोन वाक्यांत दाखवावे. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, तेवढा धीर धरावा.

वेळेचे गणितही याच क्रमाने करावे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल, तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी द्यावे लागते. वितरकाच्या तपासणीसाठी मी आणखी तीन आठवडे धरतो. आषाढी एकादशीला अभंग यायचा असेल, तर तो ज्येष्ठाच्या सुरुवातीस तयार हवा, आणि त्याची चाल कोणा संगीतकाराची असेल, तर परवानगीचे पत्र होळीच्या सुमारासच रवाना झालेले असावे.