समुद्रकाठी स्वस्त इलेक्ट्रिक गिटार टिकवायची कशी

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो: दहा-पंधरा हजारांची इलेक्ट्रिक गिटार टिकते किती? विचारणारे आईवडील असतात, मुलगा बाजूला गप्प उभा. माझं उत्तर ठरलेलं आहे. लाकूड आणि पिकअप (तारांचं कंपन टिपणारी चुंबकं-वेटोळी) वीस-पंचवीस वर्षं सहज जातात. जॅक (केबल खुपसायची जागा), पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग), खुंट्या, ब्रिजचे (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाचे) स्क्रू हे मधेमधे बदलावे लागतात आणि ते सगळे मिळून गिटारच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतात. मात्र घर समुद्राजवळ असेल तर पहिल्या दोन पावसाळ्यांत तुम्ही काय करता त्यावर पुढचं सगळं ठरतं.

मी मालवणात ॲम्प्लिफायर, मिक्सर, माइक दुरुस्त करतो. भजनी मंडळांचं सामान जास्त, गणपतीच्या आधी तर रीघ लागते. गेल्या काही वर्षांत गिटारही यायला लागल्या. पोरं गंजलेली गिटार टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "काकानू, नवीनच घेवची लागतली काय?" बहुतेक वेळा लागत नाही.

याचं श्रेय गिटारच्या बांधणीला आहे. लिओ फेंडर हा मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. 1950 साली त्याने बाजारात आणलेल्या गिटारची नेक, म्हणजे मान, बॉडीला चिकटवलेली नव्हती, स्क्रूंनी आवळलेली होती. त्याचीच 1954 ची स्ट्रॅटोकास्टर गिटारही तशीच. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला जमेल अशी वस्तू त्याने बनवली. आजच्या स्वस्त गिटार बहुतांशी त्याच धर्तीच्या आहेत, म्हणून त्यांचा प्रत्येक भाग सुटा काढता येतो आणि सुटाच मिळतो.

आता शत्रू ओळखूया. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा. जूनमध्ये मीठ पाझरायला लागतं, कारण हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच त्यात विरघळतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं आणि बोटांच्या घामातलं मीठ तारांवर, ब्रिजवर, स्क्रूंच्या खाचांत बसलेलं असतं. तिथेही हेच होतं. उन्हाळ्यात ते कोरडं असतं तोवर फारसं काही करत नाही. पाऊस सुरू झाला की प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती मिठाच्या पाण्याचा थेंब तयार होतो आणि दिवसरात्र तिथेच राहतो. म्हणून गिटार कोरडी ठेवण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, तिच्यावरचं मीठ काढणं महत्त्वाचं.

ते काढायला महागडं काही लागत नाही. वाजवायच्या आधी हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे. वाजवून झाल्यावर जुन्या पंचाचा मऊ तुकडा घेऊन प्रत्येक तार चिमटीत धरून नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत पुसत न्यायची, मग फडकं तारांच्या खालून घालून फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं टेकायची फळी, पुसायचा. ब्रिजवर तळहात टेकतो ती जागा विसरायची नाही, घाम तिथेच सगळ्यात जास्त मुरतो. दोन मिनिटांचं काम आहे. हे एवढं रोज करणाऱ्या मुलांच्या गिटार माझ्याकडे क्वचितच येतात.

तारा रोज वाजवत असाल तर पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्याने बदला. वर पातळ थर दिलेल्या कोटेड तारा महाग पडतात, पण आपल्या हवेत त्या कितीतरी जास्त टिकतात. माझ्या मते समुद्रकाठी राहणाऱ्याने पहिला जास्तीचा पैसा इथेच घालावा. गंजलेली तार वाईट वाजते एवढ्यावर थांबत नाही. बेंड करताना, म्हणजे तार बोटाने आडवी ओढून सूर चढवताना, ती फ्रेटवर (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) कानशीसारखी चालते. फ्रेटचा निकेल-सिल्व्हर धातू गंजत नाही, पण तो पोलादी तारेपेक्षा मऊ असतो. फ्रेटची उंची जेमतेम एक मिलिमीटर. खड्डे पडले की घासून सगळे फ्रेट एका पातळीला आणता येतात, पण ते दोन-तीनदाच. त्यानंतर फ्रेट नवे घालायचे, आणि त्या मजुरीत स्वस्त गिटारची दुसरी नेक येते.

ठेवायची कुठे? चिऱ्याच्या घरात पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर नको. जांभा पाणी पितो आणि श्रावण संपेपर्यंत ती भिंत आतून गार, दमट असते. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून वर, जिथे वारा फिरतो तिथे टांगा. कापडी बॅग फक्त न्यायला-आणायला. पावसाळ्यात त्यात आठवडाभर ठेवलेली गिटार बाहेर काढली की आधी बुरशीचा वास येतो. बऱ्याच घरांत बॅगेत डांबरगोळ्या टाकतात. त्या किडीसाठी असतात, ओल शोषत नाहीत.

महिनाभर मुंबईला जाणार असाल तर कडक केस आणि सिलिका जेल हा उत्तम उपाय. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या. ओल भरली की ते हिरवे होतात, मग स्वयंपाकात आता वापरत नसलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम केले की पुन्हा नारिंगी. काही शे रुपयांत छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो केसमध्ये टाकून ठेवा. गिटारला 45 ते 55 टक्के मानवतं. जुलैत आपल्याकडे बाहेर 85-90 असते, तेव्हा केसमध्ये 60 दिसले तरी समाधान माना. तारा मात्र पूर्ण सैल करून ठेवू नका. त्यांचा मिळून जवळपास 40 किलोचा ताण नेकवर असतो आणि नेकच्या आतली धातूची सळई, ट्रस रॉड, त्याच्याच विरुद्ध आवळलेली असते. एक बाजू सोडली की नेक दुसरीकडे झुकते.

आता ब्रिज, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथल्याच. स्वस्त गिटारच्या प्रत्येक सॅडलमध्ये (ब्रिजवर एकेक तार टेकते तो छोटा तुकडा) उंची बदलायचे दोन बारीक स्क्रू असतात, बहुधा 3 मिमीचे, दीड मिमीच्या ॲलन कीने फिरणारे. ते साध्या पोलादाचे असतात. एक पावसाळा दुर्लक्ष झालं की षटकोनी खाचेत तांबूस भुकटी साचते, किल्ली नीट बसत नाही, जोर लावला की खाचेच्या कडा गोल होतात आणि स्क्रू कायमचा अडकतो. नवी गिटार घरी आणल्याबरोबर, अजून सगळं चकचकीत असताना, प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना टूथपिकच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा. दोन आटे मागे-पुढे फिरवा, जास्तीचं तेल टिपून घ्या. मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हेच करा. स्क्रू आधीच अडकला असेल तर घाई नको. गंज सोडवणारं तेल टूथपिकने लावून रात्रभर ठेवायचं, लाकडावर आणि पिकअपवर उतरू द्यायचं नाही, सकाळी किल्ली आधी आवळायच्या दिशेला किंचित हलवायची आणि मग उलटी.

शक्य असेल तर सगळे स्क्रू स्टेनलेसचे करून टाका. आपल्या बंदरात बोटींच्या सामानाच्या दुकानांत 316 प्रतीचे स्क्रू मिळतात. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या पाण्यात ते साध्या स्टेनलेसपेक्षा चांगले टिकतात. पिकगार्डच्या (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या) मापाचे तिथे सापडतील, सॅडलचे बारीक मात्र ऑनलाइन मागवावे लागतील. ब्रिजचा ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचा असेल आणि त्यावर पांढरे फोड आले असतील तर पॉलिश करून काही होत नाही. वाजवण्यात अडथळा नसेल तर तसाच राहू द्या.

फ्रेटबोर्डला खोबरेल लावू नका. आपल्या घरात ते हाताशी असतं म्हणून मुलं लावतात. ते काही महिन्यांत खवट होतं, चिकटतं आणि त्यावर धूळ बसते. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन, हिवाळ्यात वर्षातून एकदा, चार थेंब फडक्यावर घेऊन, एवढं पुरे. पावसाळ्यात काहीच नको. मेपलच्या फिकट लाकडाच्या फ्रेटबोर्डवर वार्निशचा थर असतो, त्याला तेल लागत नाही. हल्ली स्वस्त गिटारच्या माहितीत 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसतं. लोक ते हलकं लाकूड समजतात. तो आपल्या जंगलातला ऐन. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस या वन्यजीव-वनस्पती व्यापाराच्या कराराखाली परवान्यांचं बंधन आलं, आणि त्यानंतर ऐनाचा वापर वाढला. शिसवावरचं बंधन तयार वाद्यांपुरतं 2019 मध्ये सैल झालं, ऐन मात्र राहिला. कणखर लाकूड आहे, निःशंक घ्या.

पावसाळ्यात नेक ओल घेते, पुढे झुकते आणि तारा उंच वाटायला लागतात. तपासायचं असं: तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. 10 गेजच्या (जाडीच्या) संचातली जुनी पहिली, सगळ्यात बारीक तार त्या फटीत जेमतेम सरकली पाहिजे, ती पाव मिलिमीटर जाड असते. फट मोठी असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा, त्याहून जास्त नाही. एक दिवस थांबा, पुन्हा बघा. रॉड जड जायला लागली तर जबरदस्ती करू नका. मे महिन्यात गिटार घेऊन सोलापूरकडे गेलात तर उलट होतं: लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बोचायला लागतात.

खरखर आवाज आला की बहुतेक जण पिकअपवर संशय घेतात. पिकअपमध्ये हलणारं काही नसतं, ते सहसा बिघडत नाहीत. आधी जॅक बघा. त्याचा नट सैल होतो, मुलं तो बाहेरून नुसता आवळतात, आतला जॅक सोबत फिरतो आणि त्याला जोडलेली वायर पिळून तुटते. झाकण काढून आतून जॅक धरा, मग बाहेरून 12 किंवा 13 मिमीच्या पान्याने आवळा. पॉट खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा त्याच्या फटीत मारून बटण वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. तरीही खरखर राहिली तर पॉट बदला.

एक गोष्ट जिवाची आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसावा म्हणून अर्थिंगची पिन मोडतात. असं केलेल्या ॲम्पवर, मंडपातल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून गिटार हातात आणि ओठ माइकला लागले, तर करंट शरीरातून जाऊ शकतो. पिन मोडू नका, वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. मेअखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की ॲम्पचा प्लग भिंतीतून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गिटार खरोखर संपली कधी म्हणायची? नेकला पीळ पडला किंवा ट्रस रॉड शेवटपर्यंत आवळूनही झुकाव जात नसेल, तर ती नेक संपली. बॉडी आणि पिकअप तरीही चालू असतात. त्याच मापाची दुसरी नेक घ्या. मागवण्याआधी नेकच्या बुडाची रुंदी आणि नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून घ्या. दोन्ही जुन्या नेकशी जुळली पाहिजेत, नाहीतर सूर कधीच लागणार नाही. बसवताना स्क्रूंच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा, सगळे आधी हाताने बसवा आणि मग कोपऱ्यासमोरचा कोपरा घेत थोडे थोडे आवळा.