सायगॉनमध्ये फो खायला बसताना या चुका टाळा

मिसळ समोर आली की पुढचं काम आपलं असतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. रस्सा किती, तर्री किती, लिंबू कधी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीतल्या, म्हणजे तिथले लोक आजही ज्याला सायगॉन म्हणतात त्या शहरातल्या, साध्या खानावळीत हेच चालतं. फोचा, म्हणजे रस्स्यातल्या तांदळाच्या नूडल्सचा, वाडगा स्वयंपाकघरातून अर्धाच तयार होऊन येतो. उरलेला अर्धा टेबलावरच्या पाल्यात, बाटल्यांत आणि छोट्या वाट्यांत असतो. गोडमिट्ट झालं, गार झालं, पाल्याला भलताच वास आला, या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या अर्ध्यातल्या असतात. शाकाहारी माणसाचं मात्र पहिल्याच अर्ध्यात बिघडतं, आणि तेही डोळ्यांना न दिसता. म्हणून सुरुवात तिथून.

नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही

फोचा रस्सा म्हणजे हाडं मंद आचेवर सहा ते बारा तास उकळून काढलेला अर्क. नुसतं 'फो' किंवा 'फो बो' लिहिलं असेल तर हाडं गाईची धरून चाला. कोंबडीचा हवा असेल तर 'फो गा' असं नाव शोधा. रस्स्यात भाजलेला कांदा, भाजलेलं आलं, चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि मसाला वेलची पडते. वास आपल्या मसाल्याच्या डब्यातलाच, त्यामुळे परका वाटत नाही आणि फसगत होते. तुम्ही 'मांस नको' म्हणालात की स्वयंपाकीणबाई मांसाचे काप बाजूला ठेवतात, नूडल्सवर तोच रस्सा ओततात आणि वर टोफूचे चार तुकडे टाकतात. त्यांच्या हिशेबानं त्यांनी तुमचं म्हणणं तंतोतंत पाळलेलं असतं.

दुसरी मेख शब्दाची आहे. 'थित' म्हणजे मांस, पण मेनूवर तो शब्द एकटा आला तर बहुधा डुकराचं मांस. त्यामुळे 'थित नको' म्हटल्यावर कोळंबी किंवा अंडं घातलेलं ताट येऊ शकतं. भाज्यांचंही तसंच. लसणावर परतलेली 'राऊ मुओंग', म्हणजे आपली नाळीची भाजी, दिसायला निर्धोक असते. पण तिच्यात 'नुओक माम' किंवा ऑयस्टर (कालवांचा) सॉस पडलेला असण्याचीच शक्यता जास्त. नुओक माम म्हणजे फिश सॉस. मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे तीन भाग आणि मीठ एक भाग घेऊन ते सुमारे वर्षभर मुरवतात, आणि खाली उतरणारं तांबूस पाणी म्हणजे हा सॉस. तो तिथं मिठाच्या जागी वापरला जातो, म्हणून 'यात मासे आहेत का' असं विचारलं तर मनापासून 'नाहीत' असंच उत्तर येतं.

उपाय एका शब्दात आहे, पण तो नीट उच्चारायला हवा. 'शाकाहारी'साठीचा शब्द आहे 'चै'. तोकडा, सपाट सुरात. तो इंग्रजी लिपीत वाचून आपण हमखास 'चाय' म्हणतो, आणि लांबवलेल्या 'चाय'चा अर्थ तिथं होतो बाटली. सूर वर चढवला तर अर्थ होतो 'जळलेलं'. म्हणून 'तोई आन चै' (मी शाकाहारी खातो) हे वाक्य सपाट म्हणा, आणि सोबत ते लिहिलेला फोनचा पडदाही दाखवा. त्याखाली मांस, मासे, कोळंबी, फिश सॉस आणि हाडांचा रस्सा नको असं एकेक सुटं लिहा. अंडं चालत नसेल तर तेही वेगळं लिहा.

त्याहून बरं म्हणजे ज्या पाटीवर 'चै' आहे तिथंच बसा. बौद्ध शाकाहाराची ही परंपरा जुनी आहे आणि सायगॉनमध्ये अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. तिथं मेनूवर कोंबडी, कोळंबी, बरगड्या अशी नावं आणि हुबेहूब फोटो दिसतात. घाबरून उठू नका. ते सगळं सोया, गव्हाचं ग्लूटेन आणि अळिंबीचं असतं. 'नुओक माम चै' नावाची बाटली दिसली तर तीसुद्धा माशांची नसते, सोया किंवा अननसापासून केलेली असते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, एरवी मांस खाणारे लोकही चै खातात. त्या दिवशी एरवीच्या दुकानांतही चै पदार्थ मिळतात, पण खास चै दुकानांत बारा वाजता जागा मिळत नाही, अकराला पोहोचा. जैन वाचकांसाठी एक गोष्ट: परंपरा पाळणाऱ्या अनेक चै स्वयंपाकघरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो, पण गाजर, बटाटा, अळकुड्या आणि अळिंबी भरपूर असतात. ते स्वतंत्रपणे सांगावं लागतं.

पाल्याची परडी एकदम ओतू नका

सायगॉनमध्ये फोबरोबर एक परडी येते. जांभळट देठाची, बडीशेपेसारख्या वासाची थाई तुळस. करवती कडांचं, कोथिंबिरीच्या वासाचं लांब पान. मुगाचे लांब मोड, लिंबाच्या फोडी, मिरची. नवखा माणूस सगळं उचलून वाडग्यात टाकतो. मूठभर गार मोड आणि ओला पाला पडला की रस्सा कोमट होतो, आणि कच्चे मांसाचे काप शिजायचे राहतात.

पानं देठावरून खुडा, देठ ठेवून द्या. तीन-चार पानं हातानं फाडून रस्स्यात दाबा, ती संपली की पुढची. मोड कच्चे नको असतील तर 'या त्रुंग' म्हणा, उकळत्या पाण्यातून काढून देतात. हनोईत, म्हणजे देशाच्या राजधानीत, ही परडी बहुधा येतच नाही. तिथं कांद्याची पात वाडग्यातच असते, आणि टेबलावर लसूण मुरवलेला व्हिनेगर व तळलेल्या पिठाच्या कांड्या असतात. तिथं तुळस मागत बसू नये, ती त्या वाडग्याची चवच नाही.

एका पानाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. गुंडाळून खायच्या पदार्थांबरोबर जो पाला येतो त्यात हृदयाच्या आकाराचं, गर्द हिरवं, कडेला किंवा मागून किंचित जांभळट असं पान असतं. बोटांत चुरगळलं की कच्च्या माशाचा वास येतो, अगदी कोळीवाड्यातून गेल्यासारखा. नाव 'येप का', आणि त्यातला 'का' म्हणजे मासाच. पानाला मासे लागले असं समजून शाकाहारी लोक अख्खी परडी परत करतात. ते शुद्ध पान आहे. वास त्याचा स्वतःचा, चव आंबटसर. नको असेल तर तेवढंच वेचून बाजूला काढा, बाकी पाला खा.

बाटल्या आधी, चव नंतर: हा क्रम उलटा करा

पहिले दोन चमचे रस्सा काहीही न घालता प्या. मग लिंबाचे चार थेंब, मग मिरचीची एखादी चकती. काळा, दाट, गोड होइझिन सॉस आणि लाल मिरचीचा सॉस वाडग्यात ओतला की सगळं काळपट आणि गोड होतं, रात्रभर जागून काढलेला रस्सा ओळखूच येत नाही. जवळच्या छोट्या बशीत दोन्ही सॉस निम्मे-निम्मे घ्या आणि मांसाचा तुकडा त्यात बुडवून खा. सायगॉनचे काही लोक वाडग्यातच घालतात, पण तेही आधी चाखतात.

तर्री आवडणाऱ्यांसाठी 'नुओक बेओ' आहे: रस्स्यावरची चरबी, वेगळ्या वाटीत, बहुधा पातीच्या कांद्याच्या पांढऱ्या भागासकट. ती मागितली तर मिळते.

'फो ताई', म्हणजे कच्च्या कापांचा फो, मागवलात तर काप लालच येणार. ते वर ठेवून फोटो काढू नका, लगेच नूडल्सखाली गरम रस्स्यात दाबा. अर्ध्या मिनिटात रंग बदलतो. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर 'चिन' म्हणा. आणि 'दाक बिएत', म्हणजे स्पेशल, हे सगळ्यात चांगलं असेल म्हणून मागवू नका. त्यात बहुधा स्नायूबंध आणि जठराचे तुकडेही असतात.

नूडल्स दहा-बारा मिनिटांत रस्सा पिऊन फुगतात, म्हणून गप्पा नंतर. बांधून नेताना रस्सा वेगळ्या पिशवीत देतात. तो खोलीवर पोहोचेपर्यंत वेगळाच राहू द्या.

काट्यानं खायचे नाहीत ते पदार्थ

'बान सेओ' म्हणजे तांदळाचं पीठ, हळद आणि बहुधा नारळाचं दूध घालून केलेलं पिवळं, कुरकुरीत धिरडं. आत कोळंबी, डुकराचं मांस आणि मोड असतात. चै प्रकारात टोफू आणि अळिंबी. लोक त्यावर चटणीचं पाणी ओततात आणि मग कडा मऊ पडल्या म्हणून कुरकुरतात. तळहातात मावेल एवढा तुकडा मोडा, मोहरीच्या रुंद पानात किंवा सॅलडच्या पानात ठेवा, वर दोन-तीन पानं, गुंडाळा आणि फक्त टोक बुडवा.

स्वतः गुंडाळायचा तांदळाचा कागद आला तर बहुतेकांचा पहिला फाटतो. कारण एकच: तो मऊ होईपर्यंत पाण्यात धरला जातो. पाण्यातून फिरवून एक-दोन सेकंदांत बाहेर काढा. ताटलीत ठेवताना कडक वाटेल. अर्ध्या मिनिटात आपोआप नरम होतो. सारण खालच्या तिसऱ्या भागात, दोन बोटं जाडीचं, त्याहून जास्त नको. आधी खालची कड वर, मग दोन्ही बाजू आत, मग घट्ट गुंडाळी. तय निन्ह प्रांतातला दवात ठेवून नरम केलेला पातळ कागद असेल तर पाणी अजिबात लावू नका.

बुडवायच्या पाण्याचं साधारण माप असं: फिश सॉस, साखर, लिंबाचा रस प्रत्येकी एक भाग, पाणी चार ते पाच भाग, लसूण आणि मिरची. शाकाहारी असाल तर 'नुओक तुओंग', म्हणजे सोया सॉस मागा आणि त्यात लिंबू, साखर, मिरची घालून बशीतच कालवा.

हनोईच्या 'बुन चा'ला मात्र उलटं तंत्र. भाजलेलं डुकराचं मांस पाण्यासारख्या गोड-आंबट सॉसमध्येच तरंगत येतं. शेवया थोड्या थोड्या त्यात घालायच्या, सॉस शेवयांवर ओतायचा नाही. 2016 च्या मे महिन्यात बराक ओबामा आणि टीव्हीवरचे खाद्यभ्रमंतीकार अँथनी बोर्डेन यांनी ते हनोईत रात्री खाल्लं म्हणून पर्यटक रात्री शोधत फिरतात. शहरात हा दुपारचा पदार्थ आहे, आणि बरीच दुकानं दुपारीच आवरतात.

हाक, हिशेब आणि नोटा

वेटर आपणहून येईल, बिल आपणहून आणेल म्हणून थांबून राहू नका. हाक मारणं उद्धट समजलं जात नाही, आणि हाकेत नातं असतं, आपल्या दादा-ताईसारखं. वयानं मोठ्या बाईला 'ची अय', मोठ्या पुरुषाला 'आन्ह अय', लहानाला 'एम अय'. जेवण झालं की 'तिन्ह तिएन' म्हणजे हिशेब करा.

टेबलावर आधीच ठेवलेलं सगळं फुकट नसतं. ओला रुमाल फोडला तर 2,000 ते 5,000 डाँग (तिथलं चलन) लागतात. केळीच्या पानातल्या पुड्या, तळलेल्या कांड्या नगावर मोजतात. हात लावला नाही तर पैसे नाहीत. बर्फाचा चहा कुठे फुकट, कुठे काही हजार डाँग. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका, मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारख्या दिसतात. वाडग्यावर आडव्या ठेवा.

मेनूवर 60 के म्हणजे 60,000 डाँग. रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग धरले तर दोनशे रुपये. पैसे देताना निळ्या नोटांकडे नीट पाहा. 20,000 आणि 500,000 या दोन्ही नोटा निळसर आहेत, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात घाईत सहज अदलाबदल होते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना आकडा मोठ्यानं म्हणा.