प्रशासनपत्र मिळाल्यावर होणाऱ्या या चुका टाळा: बेळगाव सीमाभागातील वारसांसाठी

मृत्युपत्र आहे, पण त्यात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा माणूस, नेमलेला नाही किंवा नेमलेला माणूस आधीच वारला आहे. कधी मृत्युपत्रच नसतं आणि वारसांचं आपसांत जमत नाही. अशा वेळी जिल्हा न्यायालयाकडून प्रशासनपत्र, म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, घेतलं जातं. ते हातात आलं की खटपट संपली असं बहुतेकांना वाटतं. पण पत्र ज्याच्या नावाने निघालं तो प्रशासक मिळकतीचा मालक होत नाही. तो ती इतरांसाठी सांभाळतो आणि कोर्टाला तिचा हिशेब देणं लागतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधली पुढची सगळी बंधनं एवढ्या एका गोष्टीतून निघतात.

ऑर्डर झाली, बॉण्ड राहिला

कलम २९१ प्रमाणे प्रशासकाला जामीनदारासह बॉण्ड, म्हणजे हमीपत्र, द्यावा लागतो. अर्ज मंजूर झाला, पण जामीनदार मिळाला नाही म्हणून पत्रच निघालं नाही, असं वारंवार घडतं. जामीनदार कोण होणार हे अर्ज दाखल करतानाच ठरवा आणि त्याच्या मिळकतीचे उतारे तयार ठेवा. पत्र मिळालं की त्यावरची तारीख त्याच दिवशी वहीत लिहा. पुढच्या मुदती तिथून मोजायच्या आहेत.

नावांचा घोळ

आपल्या भागातली ही खास अडचण आहे. एकाच माणसाचं नाव शाळेच्या मराठी दाखल्यात एक, कन्नड पहाणीत (जमिनीच्या उताऱ्यात) दुसरं आणि बँकेत इंग्रजीत तिसरंच. अर्जात ही सगळी रूपं ‘उर्फ’ लावून घातली नाहीत, तर पत्र असूनही तलाठी आणि बँक दोघंही अडवतात. मृत्युपत्र मराठीत असेल तर कलम २७७ प्रमाणे त्याचं भाषांतर जोडणं आवश्यक आहे. जुने मराठी खरेदीखत, वाटणीपत्र यांचंही कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा, म्हणजे तारखा वाया जात नाहीत.

निपाणीचं पत्र कागलला चालेल असं धरून चालणं

सीमेच्या दोन्ही बाजूंना जमीन असलेली घरं इथे शेकड्यांनी आहेत. शेत खानापूर किंवा बेळगाव तालुक्यात, वडिलांचा हिस्सा चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलला, शिवाय पुण्यात फ्लॅट. जिल्हा न्यायाधीशांनी दिलेलं पत्र साधारणपणे त्या राज्यापुरतंच चालतं. कलम २७३ मध्ये सवलत आहे, पण मृताचं कायमचं राहणं त्या न्यायालयाच्या हद्दीत असेल आणि राज्याबाहेरच्या मिळकतीची किंमत १०,००० रुपयांपेक्षा जास्त नसल्याचा दाखला न्यायाधीशांनी दिला तरच. आज दहा हजारांत जमिनीचा कोपराही येत नाही. उच्च न्यायालयाचं पत्र मात्र, त्यात वेगळं काही म्हटलं नसेल तर, इतर राज्यांतही लागू होतं. म्हणून पलीकडे मिळकत असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जायचं का, हे अर्ज लिहिण्याआधीच वकिलांशी बोला. पत्र निघाल्यावर ही चूक लक्षात आली की नव्याने सगळं करावं लागतं.

यादी अर्धवट, किंवा फुगवलेली

कलम ३१७ नुसार पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची पूर्ण आणि खरी यादी कोर्टात द्यायची असते, आणि एका वर्षात हिशेब. पत्र १० जुलैचं असेल तर यादी १० जानेवारीपर्यंत आणि हिशेब पुढच्या १० जुलैपर्यंत. घर, शेत आणि बँकेचं पासबुक लिहून लोक मोकळे होतात. राहून जातात त्या या गोष्टी: सौहार्द सोसायटीतील ठेवी, पिग्मीची (रोजच्या बचतीची) शिल्लक, साखर कारखान्याचे शेअर्स, कारखान्याकडून यायचं ऊसबिल, दूध संस्थेची बाकी, सोनंतारणातले दागिने, भाडेकरूचं डिपॉझिट. लोकांना हातउसने दिलेले पैसेही यादीत येतात.

उलटी चूकही होते. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन अख्खी मृताच्या नावावर दाखवली जाते. प्रशासकाच्या ताब्यात येतो तो मृताचा हिस्सा, भावांचा नव्हे. पहाणीवर कर्ता म्हणून एकट्याचं नाव आहे एवढ्यावर विसंबू नका.

मुदत टळली तर गप्प बसू नका. न्यायालय मुदत वाढवू शकतं. उशिराचं कारण लिहून, यादी सोबत जोडूनच अर्ज द्या. न्यायालयाने मागूनही मुद्दाम यादी दिली नाही किंवा खोटी दिली तर तो गुन्हा ठरतो. शिवाय कलम २६३ खाली पत्र रद्द होण्यालाही तेवढं कारण पुरतं.

परवानगीविना विक्री

सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे. कलम ३०७ प्रमाणे प्रशासकाला स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची, अदलाबदल करायची किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीच्या भाड्याने द्यायची असेल, तर पत्र देणाऱ्या न्यायालयाची आधी परवानगी लागते. ही अट पत्रावर लिहिलेली किंवा त्याला जोडलेली असते, तरी कोणी वाचत नाही. सब-रजिस्ट्रारकडे खरेदीखत नोंदलं गेलं म्हणजे व्यवहार पक्का झाला असं नाही. हितसंबंध असलेली कोणीही व्यक्ती तो रद्द करून मागू शकते, आणि मग खरेदीदारही तुमच्यावर उलटतो.

परवानगीच्या अर्जात विकण्याची गरज, आजचं मूल्यांकन, कराराचा मसुदा आणि आलेले पैसे कुठे जातील हे स्पष्ट लिहा. सगळ्या वारसांना नोटीस द्या. वारस अज्ञान (अल्पवयीन) असेल तर त्याचा हिस्सा ठेवीत ठेवण्याची तयारी आधीच दाखवा. आणि मिळकत स्वतः किंवा बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर घेऊ नका. कलम ३१० खाली तोही व्यवहार रद्द होऊ शकतो.

आधी वाटणी, मग देणी

वारस दारात बसतात म्हणून पैसे आधी वाटले जातात. क्रम कायद्याने ठरलेला आहे. प्रथम अंत्यविधीचा वाजवी खर्च, आजारपणातला वैद्यकीय खर्च आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्याचा राहण्या-जेवणाचा खर्च. नंतर पत्र मिळवण्याचा कोर्टखर्च. त्यानंतर मजूर, कारागीर किंवा घरकामगाराची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली मजुरी. मग बाकीची देणी, आणि पैसे अपुरे असतील तर ज्यांचं मृताकडे येणं आहे त्या सगळ्या घेणेकऱ्यांना सारख्या प्रमाणात. तेराव्याचं गावजेवण ‘वाजवी’ खर्चात बसवण्याचा आग्रह धरू नये. तो ज्याने केला त्याने सोसावा. ठेवी मोडण्याआधी स्थानिक मराठी आणि कन्नड दैनिकांत घेणेकऱ्यांसाठी जाहीर नोटीस द्या. क्रम मोडून पैसे उधळले तर प्रशासकाला ते खिशातून भरून द्यावे लागतात.

हिशेबासाठी वेगळं बँक खातं उघडा आणि प्रत्येक खर्चाची पावती ठेवा. मृताचं शेवटचं आयकर विवरण भरायचं असतं आणि मृत्यूनंतर मिळकतीला आलेलं उत्पन्न वेगळं दाखवायचं असतं, हेही विसरू नका.

तक्रार चुकीच्या कोर्टात

प्रशासक हिशेब देत नाही अशी शंका असेल, तर आधी न्यायालयाच्या कॉपी विभागातून यादी आणि हिशेबाची नक्कल काढा. दाखलच नसेल तर तो मागवावा म्हणून त्याच न्यायालयात अर्ज करा. पत्र रद्द करण्याचा अर्जही तिथेच. पण पत्र कायम ठेवून माणूस बदलायचा असेल, किंवा त्याला कामाबाबत निर्देश हवे असतील, तर कलम ३०१ आणि ३०२ खाली तो अधिकार उच्च न्यायालयाचा आहे, म्हणजे बेळगावकरांना धारवाड. जमीन मुळात कोणाची, हा वाद मात्र पत्राच्या प्रकरणात सुटत नाही; त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो. रद्द करण्याच्या अर्जाला तीन वर्षांची मुदत लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे समजुतीची बोलणी चालू असली तरी ही मुदत वकिलांकडून मोजून घ्या.