बेटा मासा विचित्र वागतोय? औषध टाकण्याआधी या चुका टाळा

रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो आणि सहज टँकवरचा दिवा लावला. माझा निळा बेटा एका रुंद पानावर कुशीवर पडलेला. रंग फिका, पर मिटलेले, हालचाल शून्य. छातीत धस्स झालं. जाळीने त्याला उचललं, वाडग्यात सोडलं आणि कुठेतरी ऐकलं होतं म्हणून चिमूटभर मीठही घातलं. दोन मिनिटांत साहेब टक्क जागे होऊन वाडग्याच्या कडेला धडका मारायला लागले. तो आजारी नव्हता, झोपला होता.

माशांना पापण्या नसतात, त्यामुळे ते उघड्या डोळ्यांनीच झोपतात. बेटा तर पानावर रेलतो, फिल्टरच्या मागे स्वतःला अडकवून घेतो, कधी तळाशी चक्क आडवा होतो. झोपेत त्याचा रंगही उतरतो. दिवा लावल्यावर थोड्या वेळात रंग परत आला आणि तो काचेपाशी येऊन खाऊ मागू लागला, तर काहीही बिघडलेलं नाही. माझ्या त्या धावपळीमुळे मात्र तो पुढचे दोन दिवस कोपऱ्यात दबून बसला. तेव्हा मला वाटलं, बघा, आजारीच होता!

बेटाच्या बाबतीत बहुतेक गोंधळ असाच होतो. एक लक्षण दिसतं, आपण त्याला आजाराचं नाव देतो आणि बाटली उघडतो. पण एकट्या लक्षणाला फारसा अर्थ नसतो. रोज कसा वागतो त्यापेक्षा आज वेगळं काय, आणि गेल्या दोन-तीन दिवसांत टँकमध्ये आपण काय बदललं, हे दोन प्रश्न आधी.

माशाकडे बघणं आणि पाण्याकडे न बघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मलूल पडणं, खाणं सोडणं, पर अंगाला चिकटवून ठेवणं, कल्ले भराभर हलवणं, पृष्ठभागाशी लटकून राहणं, काचेला समांतर वेड्यासारख्या फेऱ्या मारणं: या प्रत्येकामागे अमोनिया असू शकतो. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या अन्नातून तो पाण्यात येत राहतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू नव्या टँकमध्ये पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. मासेवाले यालाच 'टँक सायकल होणं' म्हणतात. सायकल न झालेल्या टँकमध्ये सोडलेला मासा पहिल्या पंधरवड्यात 'विचित्र' वागला, तर त्यात विचित्र काही नाही.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं यावर जाऊ नका. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. थेंब टाकून तपासायचं किट घरात ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, 'थोडंसं' चालत नाही. नायट्रेट 20 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 20 भाग) आसपास किंवा खाली राहिलं की पुरे.

हे मी शिकलो ते एका उत्साही रविवारी. सगळं पाणी काढलं, खडे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून अगदी नव्यासारखा केला. टँक बघून मलाच प्रसन्न वाटलं. तिसऱ्या दिवशी बेटा पर मिटून हीटरमागे बसला, कल्ल्यांच्या कडा लालसर झाल्या. माझ्या किटमध्ये जे पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते नळीत हिरवं झालं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजवरचे सगळे जिवाणू मारले होते. म्हणजे टँक दिसायला चकाचक आणि माशासाठी पहिल्या दिवसासारखा कच्चा.

तेव्हापासून स्पंज धुतो तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात, बादलीत दोन-तीनदा दाबून. आठवड्याला 25 ते 30 टक्के पाणी बदलतो, सगळं कधीच नाही. अमोनिया दिसला, तर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला, गरज असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तोवर खाऊ कमी करा. नवं पाणी जुन्याच तापमानाचं असू द्या. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बराचसा उडून जातो हे खरं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते असं उडत नाही. त्यामुळे डीक्लोरीनेटर, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारं द्रावण, वापरणं बरं.

तापमानाचंही तेच. बेटाला 24 ते 28 अंश सेल्सियस लागतं. पाणी 22 च्या खाली गेलं की तो जड होतो, खात नाही, पचन मंदावतं, आणि आपण आजार शोधत बसतो. हात बुडवून अंदाज घेऊ नका, आपल्या हाताला कोमट वाटणारं पाणी त्याला गार असू शकतं. थर्मामीटर लावा. 'बेटा भातखाचरांत राहतो, त्याला ग्लासही पुरतो' हा युक्तिवाद फार चालतो. थायलंडने 2019 साली राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलेला हा मासा भातखाचरांत आणि दलदलींत सापडतो, हे बरोबर. पण ते पाणी उथळ असलं तरी लांबरुंद पसरलेलं, उबदार आणि झाडाझुडपांचं असतं. ग्लासातलं पाणी दिवसात दोनदा तापतं, दोनदा निवतं. एका बेटाला निदान 20 लिटर पाणी द्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

वर येऊन श्वास घेतोय म्हणून घाबरणं

बेटाला कल्ल्यांशिवाय लॅबिरिंथ नावाचा आणखी एक अवयव असतो. त्यातून तो थेट हवा घेतो. म्हणून अधूनमधून वर येणं, एक घोट हवा घेणं आणि पुन्हा खाली जाणं हे त्याचं रोजचंच आहे. उलट पृष्ठभाग तरंगत्या वनस्पतींनी गच्च झाकला, किंवा पाणी झाकणाला टेकेल इतकं भरलं, तर त्याची पंचाईत होते. पाणी आणि झाकण यांत तीन-चार बोटं जागा सोडा. झाकण मात्र हवंच, कारण बेटा उडी मारण्यात पटाईत आहे.

काळजी कधी? तो वरच थांबला, खाली जाईना, आणि कल्ले धापा टाकल्यासारखे हलू लागले की. 'हा तर हवा घेतो, याला काय होणार' असं समजू नका. अमोनियाने कल्ले पोळतात, आणि लॅबिरिंथ तिथे कामी येत नाही.

फुलारणं म्हणजे राग, बुडबुडे म्हणजे आनंद?

कल्ल्यांची झाकणं फुगवून, दाढी पुढे काढून बेटा जेव्हा फुलारतो तेव्हा तो देखणाच दिसतो. दिवसातून एक-दोनदा दोन-चार मिनिटं फुलारला तर तो व्यायाम समजा. मादीही फुलारते. पण संध्याकाळी खोलीतला दिवा लागल्यावर काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, आणि मग हा समोरच्या शत्रूशी तासन्‌तास भांडतो. दमतो, खात नाही, काही जण तर वैतागून स्वतःची शेपटी चावतात. टँकच्या मागच्या काचेला आणि बाजूंना गडद कागद चिकटवा, खोलीतल्या आणि टँकमधल्या उजेडातला फरक कमी करा. दाखवायला आरसा धरण्याची हौस असेल तर दोन मिनिटांत आवरा.

पाण्यावरचं बुडबुड्यांचं घरटं हे नराच्या अंगातल्या संप्रेरकांचं काम. घरटं बांधलं म्हणून मासा सुखी आणि नाही बांधलं म्हणून दुःखी, असा हिशेब लावू नका. खराब पाण्यातही नर घरटं बांधताना दिसतो. नुसतं घरटं पाहून पाण्याची तपासणी टाळणारे मला बरेच भेटले आहेत.

शेपटी फाटली की 'फिन रॉट' (पर कुजण्याचा आजार) ठरवणं

इथे थोडं बारकाईने पाहावं लागतं. एका रात्रीत शेपटीचा अर्धगोल तुकडा गायब, कड स्वच्छ कापल्यासारखी, तर त्याने स्वतः चावलं असण्याची शक्यता जास्त. मोठ्या, जड परांच्या जातींत ही खोड बरीच दिसते. कड चिंध्यांसारखी उभी फाटलेली असेल, तर सजावट तपासा: पातळ नायलॉनचं कापड प्रत्येक प्लॅस्टिकच्या झाडावरून आणि दगडावरून फिरवा. कापड जिथे अडकेल, तिथे पर फाटतो. फिल्टरचा जोरदार प्रवाहही लांब परांना ओढतो. तोंडाशी स्पंज लावून तो मंद करा.

खरा फिन रॉट हळूहळू सरकतो. कडा काळपट, लालसर किंवा पांढुरक्या होतात आणि आठवडाभरात पर अंगाच्या दिशेने झिजत जातो. सुरुवातीच्या टप्प्यात स्वच्छ, उबदार पाणी हेच औषध असतं, आणि कडेला काचेसारखी पारदर्शक नवी झालर दिसू लागली की समजायचं, पर भरून येतोय. ही पारदर्शक झालर पाहून बुरशी लागली म्हणून औषध टाकणारेही आहेत! अंगापर्यंत झीज पोचली तर मात्र जिवाणूविरोधी औषधाचा विचार करावा लागतो.

तिरका पोहतोय म्हणून वाटाणा भरवणं

कुशीवर तरंगणारा किंवा खाली जाताच आपोआप वर येणारा बेटा बहुतेकदा जास्त खाऊन बसलेला असतो. कोरडे दाणे पोटात फुगतात. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं मानतात. दिवसातून दोनदा दोन-तीन बारीक दाणे एवढंच त्याचं जेवण. तो काचेपाशी नाचला म्हणून आपण आणखी देतो, कारण तो कायमच नाचतो.

दोन-तीन दिवस उपास द्या. निरोगी बेटाला त्याने काही होत नाही. नंतर डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) मिळाले तर थोडे द्या. उकडलेल्या वाटाण्याचा सल्ला गोल्डफिशसाठी ठीक आहे, पण बेटा कीटक खाणारा मांसाहारी मासा, त्याला वाटाणा नीट पचत नाही. तो वर पोचेपर्यंत दमत असेल तर पाण्याची पातळी थोडी खाली आणा.

पण वरून पाहिलं आणि पोट फुगून खवले सुटे, उभे राहिलेले दिसले, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. त्याला ड्रॉप्सी म्हणतात. आत अवयव निकामी होऊ लागल्याची ती खूण असते आणि त्यातून वाचणारे मासे थोडेच.

रंग बदलला

घाबरलेल्या बेटाच्या, विशेषतः मादीच्या, अंगावर आडवे पट्टे उमटतात. उभे पट्टे असतील आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसत असेल तर मादी अंडी घालायला तयार आहे. मार्बल जातीच्या बेटाचा रंग तर आयुष्यभर बदलत राहतो, निळा घेतलेला वर्षभरात पांढरा होऊ शकतो. तो खातो-पितो, हिंडतो, तर आजार शोधू नका.

रंग उतरला आणि सोबत तो दगडांवर अंग घासत असेल, तर गोष्ट वेगळी. अंधारात बाजूने टॉर्च मारा. गंजासारखी, सोनेरी भुकटी चमकली तर व्हेल्वेट, मिठाच्या खड्यांसारखे सुटे पांढरे ठिपके दिसले तर इच. दोन्ही परजीवी आहेत आणि दोन्हींत वाट पाहत बसणं धोक्याचं. व्हेल्वेटचा परजीवी उजेडावरही जगतो, म्हणून उपचारात टँक झाकून ठेवतात. त्याची तांब्याची औषधं गोगलगाय आणि कोळंबीला मारतात, त्यांना आधी दुसरीकडे हलवा.

एकाच वेळी तीन औषधं

मीठ, निळं औषध, अँटिबायोटिक, सगळं थोडं थोडं. यातलं काय लागू पडलं हे कळत नाही आणि फिल्टरचे जिवाणू मात्र मरू शकतात. मग अमोनिया, मग आणखी मलूलपणा, मग चौथं औषध. एका वेळी एकच औषध, पूर्ण मुदतीचं, आणि तेवढे दिवस फिल्टरमधला कार्बन काढून, कारण तो औषध शोषून घेतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणून मध्येच थांबू नका, तेव्हा पुढची पिढी तळाशी वाढत असते.

एक छोटी वही टँकशेजारी ठेवा: तारीख, तापमान, पाणी कधी बदललं, किती खाल्लं. माझ्या वहीतल्या तीन 'आजारांपैकी' दोन पाणी बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झालेले निघाले. बादलीतलं पाणी गार होतं.

नव्याने आणलेला बेटा दोन-चार दिवस लपतो, खात नाही. त्याला अंधूक उजेड द्या आणि सोडून द्या. आणि म्हातारा बेटाही असतो. त्याचं आयुष्य साधारण 2 ते 4 वर्षांचं, आणि विकायला येतो तेव्हाच तो बऱ्याचदा सहा महिन्यांच्या पुढचा असतो. पाठ किंचित वाकलेली, रंग मवाळ, दाणा तोंडासमोर असूनही नेम चुकलेला. माझा निळा आता तसाच आहे. त्याच्यासाठी मी पाणी चार बोटं कमी केलंय आणि ते रुंद पान पृष्ठभागाच्या अगदी खाली आणून ठेवलंय. दिवसातला बराचसा वेळ तो तिथेच रेलून असतो. रात्री दिवा लावायच्या भानगडीत मी आता पडत नाही.