बाळाच्या डोक्याला लागलं? या चुका टाळा

बाळ धपकन पडतं, भोकाड पसरतं आणि बघता बघता कपाळावर टेंगूळ येतं. मग सगळ्यांचं लक्ष त्या टेंगळावरच. पहिली चूक इथेच होते. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात, त्यामुळे साध्या ठोकरीनेही मोठी सूज येते. खरं पाहायचं ते बाळाचं वागणं. पडल्यावर लगेच रडलं का? कडेवर घेतल्यावर शांत झालं का? ओळखतंय, खेळतंय, दूध पितंय का? मात्र तान्ह्या बाळाची सूज डोक्याच्या बाजूला किंवा मागे असेल आणि हाताला पिलपिलीत लागत असेल, तर ते हसत असलं तरी डॉक्टरांना दाखवाच. कवटीला तडा गेलेला असू शकतो.

टेंगूळ चोळून जिरत नाही, बाळ कळवळतं तेवढं. कापडात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं हलकेच धरा. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल द्यायचं तर वजनानुसार.

'झोपू देऊ नका' असं कोणीतरी हमखास सांगतं. रडून दमलेलं बाळ झोपेच्या वेळी झोपणारच. आधीचं वागणं नेहमीसारखं असेल तर झोपू द्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मधे एकदा हलवून बघा: कुरकुरलं, कूस बदलली की ठीक. उठवूनही उठत नसेल तर तडक रुग्णालय गाठा.

शुद्ध हरपली, आकडी आली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला, टाळू फुगली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, हात-पाय हलेना किंवा रडणं थांबेचना, तर घरी वाट पाहू नका. बेशुद्ध बाळाला गदागदा हलवू नका, मानेलाही इजा असू शकते. 3 महिन्यांखालचं बाळ, किंवा 3 फुटांपेक्षा उंचावरून पडलेलं 2 वर्षांखालचं मूल, लक्षणं नसली तरी दाखवून घ्या. बाकीच्यांवर पुढचे 24 ते 48 तास लक्ष हवं.

सीटी स्कॅनचा हट्टही नको. त्यात किरणोत्सर्ग असतो, आणि बऱ्याच मुलांना काही तास निरीक्षणाखाली ठेवणं पुरतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पडल्याचं लपवणं. बोलणी बसतील या भीतीने सांभाळणारी व्यक्ती गप्प राहते आणि मोलाचे तास जातात. कोणाच्या हातून पडलं हा प्रश्न बाजूला ठेवा. डॉक्टरांना हवं असतं ते इतकंच: किती उंचावरून, कशावर, किती वाजता पडलं, आणि नंतर काय काय झालं.