चौपट म्हणजे दोनच नळ्या: इम्युनॉलॉजी नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

अलिबाग असो की सिंधुदुर्गनगरी, वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र) सुरू करताना भातलावणीच्या चिखलातून ताप घेऊन आलेल्या पेशंटइतकं चांगलं उदाहरण नाही. तापाचा तिसरा दिवस, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) आयजीएम, म्हणजे आजारात आधी दिसणारी अँटिबॉडी, निगेटिव्ह. आयजीएमची रचना घडाघडा सांगणारी मुलंही इथे 'लेप्टो नाही' म्हणून मोकळी होतात. अँटिबॉडी दिसू लागायला साधारण ५ ते ७ दिवस जातात. तोवर रक्ताचा पीसीआर, म्हणजे थेट जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी. म्हणून फळ्यावर आधी तापाचा दिवस लिहा, पेशींचा तक्ता मागाहून.

खरी गोची टायटरची, म्हणजे सीरम कितीपट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते त्या आकड्याची. दर पुढच्या नळीत सीरम आधीच्या निम्मं असतं. १०-१४ दिवसांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात चौपट वाढ हवी, म्हटलं की मुलं चार नळ्या मोजतात. चौपट म्हणजे दोन नळ्या! १:८० च्या पुढची १:१६०, ती दुप्पट. त्यापुढची १:३२०, ती चौपट. १:८० पासून चार नळ्या पुढे गेलात तर १:१२८०, म्हणजे सोळापट. आणि एका नळीची वाढ धरायची नाही, कारण तेच सीरम पुन्हा लावलं तरी तेवढा फरक पडतो. हे नुसतं सांगून डोक्यात बसत नाही, हाताने करवून घ्या.

त्यासाठी कोकमाचं आगळ (बिनसाखरेचा रस) आणा. सरबत नको, ते चिकटतं. आठ नळ्या, प्रत्येकीत १ मिली पाणी. पहिलीत १ मिली आगळ, पिपेटने चार-पाचदा वरखाली, मग १ मिली दुसरीत. असं आठवीपर्यंत, शेवटचा १ मिली टाकून द्या. १:२ पासून १:२५६ झालं. दर नळीला टीप बदला, नाहीतर टिपेला चिकटलेलं आगळ पुढे जातं आणि शेवटच्या नळ्या हव्या त्यापेक्षा लाल दिसतात. रंग मध्येच उडाला तर मुलांना बोलू नका. विहिरीच्या क्षारी पाण्याने आंबटपणा मरतो, त्याबरोबर लालीही जाते. पाण्यात आधी थोडं लिंबू पिळा. खऱ्या चाचणीत तेवढंच अँटिजन (अँटिबॉडी ज्याला चिकटते ते) घातलं की प्रत्येक नळीचं डायल्यूशन दुप्पट होतं, हेही तिथेच दाखवा.

प्रोझोन, म्हणजे अँटिबॉडी भरपूर असूनही सुरुवातीच्या नळ्या निगेटिव्ह दिसणं, मग सोपा जातो. सुरुवातीच्या नळ्यांत अँटिबॉडी इतक्या, की अँटिजनवरची प्रत्येक जागा वेगळीच अँटिबॉडी अडवते. दोन कणांना जोडणारा पूल होत नाही, गुठळी दिसत नाही. पहिलीच नळी बघून निगेटिव्ह लिहिणं धोक्याचं आहे.

तयार स्लाइड्सच्या नादी लागू नका. लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनशेजारी आठवडाभर उभं राहा. सगळी सायटोकाइन्स (पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिनं) तोंडपाठ नसली तरी चालतं, पुस्तक उघडून सांगा. पहिल्या तासाला आठही नळ्या कुणाच्याच जमत नाहीत. ओतून द्यायच्या आणि पुन्हा लावायच्या.